नावात उरलेला मृत्यू : पीडी-१ या प्रथिनाच्या नामकरणाचा इतिहास

संशोधनासाठी प्रथिने तयार करून विकणाऱ्या कंपन्यांच्या सूचिपत्रांत एक नोंद हमखास सापडते. मानवी पीडी-१, पुनःसंयोजित, पेशीबाहेरचा भाग, मानवी प्रतिपिंडाचा एफसी तुकडा जोडलेला, एचईके-२९३ पेशींत तयार केलेले, केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. कुपीतला ऐवज साधारण शंभर मायक्रोग्रॅमच्या घरातला, म्हणजे काचेच्या तळाशी दिसेल न दिसेल असा पांढुरका थर. साहित्याच्या अभ्यासकाने या नोंदीच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर सरळ आहे. हा दीड ओळीचा मजकूर आहे, आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे एका जुन्या समजुतीचा, काही ठिकाणी तर चक्क गैरसमजुतीचा, अवशेष आहे. मजकूर वाचणे हा आपला व्यवसायच आहे. तो कोठला वाचावा याला मर्यादा नाही.

प्रथम 'पीडी' या दोन अक्षरांकडे वळू. त्यांचा विस्तार होतो 'प्रोग्रॅम्ड डेथ', म्हणजे पूर्वनियोजित मृत्यू. क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा हा तरुण संशोधक १९९० च्या सुमारास एका मूलगामी प्रश्नाच्या मागे होता : शरीराची प्रतिकारयंत्रणा आपले आणि परके यांतला भेद कसा करते? थायमस या ग्रंथीत टी-पेशी घडत असताना ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतील अशा असतात, त्यांतल्या बऱ्याचशा तेथेच मरतात, हे माहीत झाले होते. तेव्हा मरणाऱ्या पेशींत कोणते जनुक जागे होते हे शोधले, तर आप-परभावाचे रहस्य हाती लागेल, असा तर्क होता. तर्क सुंदर होता. मरणोन्मुख पेशींत सापडणारे आणि जिवंत पेशींत न सापडणारे संदेश वजाबाकीच्या पद्धतीने वेगळे काढण्यात आले. उंदराच्या दोन पेशीवंशांतून शेवटी एक जनुक हाती लागले आणि १९९२ साली 'एम्बो जर्नल'मध्ये त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. नाव ठेवले पीडी-१.

पुढे काय झाले? १९९६ पर्यंत त्याच गटाने दाखवले की हे प्रथिन मरणाऱ्या पेशींचे वैशिष्ट्य नसून उत्तेजित झालेल्या, कामाला लागलेल्या टी आणि बी पेशींवर उगवणारे आहे. १९९९ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर अभ्यासले गेले. ते उंदीर लहानपणी ठीकठाक दिसत, पण वय वाढू लागले की त्यांना सांधेदुखी आणि मूत्रपिंडाचा दाह जडत असे. म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच देहावर उलटत होती. पीडी-१ मारणारे नव्हते, आवरणारे होते. २८८ अमिनो आम्लांच्या या साखळीचे काम कळले, पण नाव बदलले नाही. शोध ज्या गृहीतकाच्या हाताला धरून निघाला ते गृहीतक मागे पडले. त्याची दोन आद्याक्षरे मात्र जगभरच्या कुप्यांवर चिकटून राहिली.

काव्यशास्त्राच्या तासाला 'कुशल' हा शब्द रूढी-लक्षणेचे उदाहरण म्हणून शिकवला जातो. कुश म्हणजे दर्भ. तो हात न कापता खुडून आणणारा तो कुशल. आज कुशल वकिलाला दर्भाशी काही कर्तव्य नसते, आणि ऐकणाऱ्यालाही दर्भ आठवत नाही. पीडी-१ चे तसेच झाले आहे, फक्त हजार वर्षांऐवजी सात-आठ वर्षांत. यौगिक अर्थ गळून रूढार्थ उरण्याची ही प्रक्रिया इतक्या वेगाने, तारखांच्या पुराव्यासह, अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते. विज्ञानाची परिभाषा पारदर्शक आणि साहित्याची भाषा संदिग्ध, अशी जी वाटणी आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून सर्रास केली जाते, ती या एका उदाहरणानेही डळमळावी.

प्रसंगाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पूर्वनियोजित पेशीमृत्यूला जो दुसरा शब्द रूढ आहे, 'ॲपॉप्टोसिस', तो एका भाषेच्या प्राध्यापकाने दिलेला आहे. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये या घटनेचे वर्णन केले, तेव्हा ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी हा शब्द सुचवला आणि लेखकांनी त्यांचे आभार छापले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पाने गळणे. पानगळ! विद्यापीठात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन शब्द विचारण्याची ही रीत आपल्याकडे किती विद्यापीठांत आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पीडी-१ हे एकटेच चुकीच्या नावाचे नाही. त्याचे थोरले भावंड सीटीएलए-४. मार्सेय येथे पिएर गोल्स्तेँ यांच्या गटाने मारेकरी टी-पेशींत ठळकपणे व्यक्त होणारी जनुके हुडकून त्यांना अनुक्रमांक दिले. मालिकेतले पहिले, सीटीएलए-१, खरोखर मारेकरी पेशींचे हत्यार निघाले. ते आज ग्रॅन्झाइम-बी या नावाने ओळखले जाते. चौथे १९८७ साली 'नेचर'मध्ये जाहीर झाले, आणि त्याच्या कपाळी 'सायटोटॉक्सिक', म्हणजे पेशीघातक, हे विशेषण कायमचे बसले. सीटीएलए-४ पेशीघातक नाही. तेही आवरणारेच.

परंतु हे कळायला सात-आठ वर्षे लागली, आणि येथेच पुनःसंयोजित प्रथिनाचा प्रवेश होतो. 'पुनःसंयोजित' म्हणजे एका जिवाचे जनुक दुसऱ्या जिवाच्या पेशीत घालून तिच्याकरवी प्रथिन तयार करून घेणे. १९७३ साली कोहेन आणि बॉयर यांनी जिवाणूंत परके जनुक रुजवून दाखवले. १९७८ मध्ये मानवी इन्शुलिन जिवाणूंत तयार झाले, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. १९८९ साली जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक युक्ती काढली : पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीचा फक्त बाहेर डोकावणारा भाग घ्यायचा आणि त्याला मानवी प्रतिपिंडाचे बूड जोडायचे. पेशीच्या पडद्यात अडकलेले प्रथिन अशा रीतीने मोकळे, विद्राव्य होते. बूड हे मूठ म्हणून उपयोगी पडते, त्याला धरून प्रथिन शुद्ध करता येते. शिवाय दोन-दोन तुकडे जोडीने बांधले जातात, त्यामुळे पकड घट्ट होते. सूचिपत्रातील 'एफसी' ही अक्षरे त्या बुडाची आहेत.

सिएटल येथे ब्रिस्टल-मायर्स स्क्विबच्या प्रयोगशाळेत पीटर लिन्स्ली आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली हीच युक्ती सीटीएलए-४ वर केली. या जोडप्रथिनाला सीटीएलए-४-आयजी म्हणतात. उद्देश शुद्ध जिज्ञासेचा : हे अनाम कार्याचे प्रथिन नेमके कोणाला बिलगते? उत्तर मिळाले, बी-७ नावाच्या रेणूला. आणि बी-७ हा टी-पेशीला चेतवणाऱ्या सीडी-२८ या ग्राहीचाही जोडीदार. म्हणजे एकाच हाताला धरू पाहणारे दोन जण, आणि त्यांत सीटीएलए-४ ची पकड सीडी-२८ पेक्षा कित्येक पटींनी घट्ट.

येथे इतिहासाने जी गंमत केली ती आम्हांला फार बोलकी वाटते. सीटीएलए-४-आयजी उंदरांना टोचले तर प्रतिकार मंदावे. १९९२ मध्ये शिकागो येथील गटाने उंदरांत मानवी स्वादुपिंडाच्या पेशींचे कलम त्यामुळे दीर्घकाळ टिकवून दाखवले. पण यातून मूळ सीटीएलए-४ चे कार्य कळत नव्हते. विद्राव्य प्रथिन बी-७ ला आधीच झाकून टाकी, म्हणून सीडी-२८ ला चेतना मिळत नसे, एवढाच त्याचा अर्थ. सीडी-२८ शी असलेल्या साधर्म्यामुळे सीटीएलए-४ हेही चेतवणारेच असावे असा प्रबळ समज काही काळ होता. पाठभेद म्हणावा तसा हा मामला होता : एकच पुरावा, दोन परस्परविरुद्ध वाचने. शिकागोतील जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटाने १९९४ मध्ये आणि बर्कलीतील मॅथ्यू क्रमेल व जेम्स ॲलिसन यांनी १९९५ मध्ये आवरणारे हे वाचन मांडले. त्याच १९९५ साली दोन स्वतंत्र गटांनी सीटीएलए-४ नसलेले उंदीर जन्माला घातले. ते तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्या अवयवांत टी-पेशींनी थैमान घातले होते. वाद मिटला.

ॲलिसन यांची पुढची उडी अशी, की हा आवर काढून घेतला तर टी-पेशी अर्बुदावर तुटून पडतील. १९९४ च्या अखेरीस उंदरांवर पहिला प्रयोग झाला, आणि निष्पत्ती इतकी विलक्षण होती की नाताळच्या सुट्टीतच तो पुन्हा करण्यात आला. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सीटीएलए-४ ला अडवणारे प्रतिपिंड, इपिलिमुमॅब, अमेरिकेत औषध म्हणून मान्य व्हायला २०११ साल उजाडले. पीडी-१ ला अडवणारे निव्होलुमॅब २०१४ च्या जुलैमध्ये प्रथम जपानमध्ये मान्य झाले. २०१८ चे नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना विभागून मिळाले.

आता रूपकांविषयी. या साऱ्या वाङ्मयात दोन रूपके नांदतात : ब्रेक आणि चेकपॉइंट. 'ब्रेक' हे रूपक प्रयोगाने कमावलेले आहे. ते मनात धरूनच कोणीतरी 'ब्रेकवरचा पाय काढून पाहू' असे म्हटले. 'चेकपॉइंट' मात्र उसने आणलेले. पेशीविभाजनाच्या अभ्यासात लेलंड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांनी १९८९ मध्ये तो शब्द वापरला, तोही नेमक्या अर्थाने : एक टप्पा पुरा झाल्याखेरीज पुढे न सोडणारी तपासणी. प्रतिकारशास्त्रात तो नंतर आला. ॲलिसन हे सहलेखक असलेल्या २००६ मधील एका प्रदीर्घ आढाव्याच्या शीर्षकातच 'चेकपॉइंट ब्लॉकेड' आहे. शब्द आकर्षक होता, तो चालला.

मराठीत याला 'तपासणी नाका' म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळावा अशा मताचे आहोत. नाका रस्त्यावर असतो, प्रवासी वेगळा आणि नाकेदार वेगळा. पीडी-१ तर टी-पेशीच्या स्वतःच्याच अंगावर उगवते, आणि त्याला खेचणारा रेणू, पीडी-एल-१, दुसऱ्या पेशीवर असतो. यासाठी आपल्याकडे 'वेसण' हा शब्द तयार आहे. वेसण बैलाच्या नाकात असते, दोरी दुसऱ्याच्या हातात. निरोगी ऊतक ती दोरी धरते तेव्हा प्रतिकार वेळीच थांबतो. अर्बुदातील पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ उगवून तीच दोरी बळकावतात, आणि चालून आलेली टी-पेशी उभ्या जागी थबकते. प्रतिपिंड बैलाला चाबूक मारत नाही, दोरी हाती लागू देत नाही, इतकेच. अर्थात वेसण सुटलेला बैल शेजारच्या शेतातही शिरतो. या औषधांनी रुग्णाची आतडी, फुप्फुसे, थायरॉइड, क्वचित हृदयाचे स्नायूही प्रतिकारपेशींच्या तडाख्यात सापडतात, ते यामुळेच. गंमत अशी की हृदयाच्या अशा दाहावर जे औषध वापरून पाहिले गेले ते अबॅटासेप्ट, म्हणजे तेच लिन्स्ली यांचे सीटीएलए-४-आयजी. प्रयोगशाळेतील साधन म्हणून जन्मलेले हे प्रथिन २००५ मध्ये संधिवातावरचे औषध म्हणून मान्य झालेले होते.

सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये 'इलनेस ॲज मेटाफर' लिहून कर्करोगाभोवतीच्या लष्करी रूपकांवर जो हल्ला चढवला, त्याचे ऋण मान्य करूनही आम्हांला वाटते की रुग्णावर लादलेले रूपक आणि संशोधकाने विचार करण्यासाठी हाती घेतलेले रूपक यांत फरक करावा लागेल. पहिले छळते, दुसरे कधीकधी दार उघडते. मात्र दुसऱ्यालाही धार असते. २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना सीडी-२८ ला चेतवणारे टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड देण्यात आले. माकडांवर ते निर्धोक ठरले होते. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले, त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सहाही वाचले, पण सर्वांचे शरीर पूर्ववत झाले नाही. पुढे उघड झाले की माणसाच्या ज्या स्मृति-टी-पेशींवर सीडी-२८ असते, माकडांत त्यांच्यावर ते नसते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही भाषा यंत्र एकच आहे असे गृहीत धरायला लावते. यंत्रे दोन होती.

सूचिपत्राकडे परतू. 'एचईके-२९३' : मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. नेदरलँड्समधील लायडन येथे १९७३ मध्ये फ्रँक ग्रॅहम यांनी त्यांच्यात विषाणूचा डीएनए घालून त्या अखंड वाढतील अशा केल्या. २९३ म्हणजे ग्रॅहम यांच्या वहीतील प्रयोगाचा अनुक्रमांक. जिवाणूंना प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या चढवता येत नाहीत. पीडी-१ वर अशा चार जागा आहेत, म्हणून मूळ रूपाच्या जवळचे प्रथिन हवे तर सस्तन प्राण्याच्या पेशी लागतात. हेला पेशींच्या मागे हेन्रिएटा लॅक्स हे नाव उशिरा का होईना उभे राहिले. २९३ च्या मागे नाव नाही, क्रमांक आहे. जगात रोज कोठे ना कोठे या पेशी काचपात्रांत वाढत असतात, आणि ज्या देहापासून त्या आल्या त्याची आठवण म्हणून तीन आकडे उरले आहेत. आम्हांला हा मजकुराचा सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द वाटतो.

नावांचा प्रश्न संशोधकांच्या बाबतीतही सुटलेला नाही. १९९२ च्या लेखातील पहिले नाव इशिदा यांचे. जगाला ठाऊक आहे होंजो यांचे. मेयो क्लिनिकमध्ये लीपिंग चेन यांनी १९९९ मध्ये बी-७-एच-१ नावाचा जो रेणू वर्णिला, तोच २००० मध्ये गॉर्डन फ्रीमन, क्लाइव्ह वुड आणि होंजो यांच्या संयुक्त लेखात पीडी-एल-१ म्हणून आला. एका रेणूची दोन नावे काही वर्षे शेजारी-शेजारी नांदली. पुढे पेटंटांवर फ्रीमन आणि वुड यांची नावे नव्हती म्हणून खटला झाला. अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ मध्ये दोघांना सहसंशोधक ठरवले आणि २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न संतवाङ्मयातील नाममुद्रांपुरता नाही, एवढे विद्यार्थ्यांना यावरून दाखवता येते. फरक असा की येथे नाममुद्रेला कोट्यवधी डॉलरची किंमत आहे.

आणि त्या किमतीपाशी हा इतिहास मुंबईत येतो. तंबाखूमुळे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्याकडे मोठे. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि तिचा खर्च बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा. पण प्रारंभीच्या चाचण्यांत एक गोष्ट दिसली होती : रक्तातील टी-पेशींवरचे पीडी-१ लहान मात्रेनेही जवळपास तितकेच व्यापले जाते. तो धागा धरून टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना तोंडावाटे घ्यायच्या तीन स्वस्त औषधांचा उपचार, अर्ध्यांना त्याच्या जोडीला तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एका वर्षाअखेर जिवंत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के होते. पूर्ण मात्रेशी तुलना या चाचणीत नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. तशी तुलना ज्यांच्यासाठी करावयाची त्यांतील बहुतेकांना पूर्ण मात्रा मिळणारच नव्हती, हेही. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची, मोठी १०० मिलिग्रॅमची. २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने पहिली दोघांत, दुसरी पाचांत वाटली जाते. उघडलेली कुपी फार काळ ठेवता येत नाही, म्हणून त्या दोघांना किंवा पाचांना एकाच दिवशी यावे लागते.